रिकाम्या होडीचं पान

अकरा पुस्तकांना आई चालली आणि बाराव्याला म्हणे तू घरीच थांब. लेकीचं, ग्लेंडाचं हे वागणं ड्रूसिलाबाईंना मुळीच पटलं नव्हतं. शाळेच्या पायऱ्या चढतानाही त्यांची धुसफूस चालूच होती.

"थंडी आहे म्हणून म्हटलं गं," ग्लेंडा म्हणाली.

"न्यूफाउंडलंडात जन्म काढला मी. मला थंडी सांगतेस?"

ग्लेंडा सकाळी शाळेची बस चालवायची, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि उरलेल्या वेळात मुलांसाठी पुस्तकं लिहायची. छापायला देण्याआधी कच्ची प्रत पहिलीच्या पोरांना वाचून दाखवायची, ही तिची रीत. ड्रूसिलाबाई मागच्या बाकावर विणत बसत. त्यांची शाळा दुसरीतच सुटलेली; त्या अक्षरांच्या वाटेला जात नसत, पोरांचे पाय बघत. पान उलटलं की विणीची एक ओळ. ज्या पानाला पाय चुळबुळले, त्या ओळीत लाल धागा. ते पान ग्लेंडा निमूटपणे नव्याने लिहायची.

हे बारावं पुस्तक ग्लेंडाच्या बापावर होतं. बाप, एझ्रा, समुद्रावर कॉड जातीचे मासे धरायला गेला आणि त्याची होडी दुसऱ्यांनी रिकामी ओढत आणली, त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. टोरांटोच्या संपादकबाईंना रिकाम्या होडीचं तेवढं पान नको होतं. पोरं भितील म्हणे. 'पोरांनाच विचारते,' असं ग्लेंडाने कळवलं होतं. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

वाचन सुरू झालं. समुद्रावर धुकं उतरलं, किनाऱ्यावर कंदील लागले. आता येईल ते पान. ड्रूसिलाबाईंनी सुया घट्ट धरल्या. त्यांनी पायांवर नजर रोवली. ग्लेंडाने मान वर करून एकदा आईकडे पाहिलं, पान उलटलं, आणि एकदम वसंत आला. चित्रातली मुलगी काकवी लावलेला पाव खात पायरीवर बसली होती.

सगळे पाय हलले.

"पण बाबा कुठे गेले?" पुढे बसलेल्या एका दातपडक्या पोरीने विचारलं.

"येतील पुढे," ग्लेंडा म्हणाली.

पुस्तक संपलं, बाबा आले नाहीत. मुलं दूध प्यायला पळाली. ड्रूसिलाबाईंनी ओळी मोजल्या. पानांइतक्या पंधरा हव्या होत्या, चौदाच भरल्या.

"दोन पानं एकदम उलटलीस."

"चिकटली होती."

"पन्नाशीला आलीस, निदान खोटं तरी नीट बोलायला शीक."

ग्लेंडा पुस्तकाचा कोपरा दुमडत राहिली. "तुझा चेहरा दिसला, आई. ते पान वाचायला जमलंच नाही मला. काढूनच टाकते. टोरांटोच्या बाईंनाही तेच हवंय."

ड्रूसिलाबाई उठल्या. विणकाम हातात घेऊन पुढे आल्या. मुलं ओठांवर दुधाच्या मिशा घेऊन परत येऊ लागली होती.

"होडी धक्क्याला लागली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस," त्या हळू बोलल्या. "मी तुला घरात कोंडून ठेवलं, बघू दिलं नाही. चार महिने खिडकीत बसून वाट बघत होतीस तू. ती चूक माझी, आणि आता तीच तू या पोरांशी करतेयस. भित्री तू आहेस, ती नाहीत. बस खाली आणि वाच ते पान. माझ्याकडे बघायचं नाही."