मुक्काम घोडनदीला

“जाई, ऊठ. घोडं लादायला घे. ऊन तापायच्या आत भीमा वलांडू.”

तात्याबा दारात उभे होते. धोतर निम्मं सुटलेलं, केरसुणी काठीसारखी धरलेली. बाहेर अंगणात ना घोडं होतं, ना मेंढरू. कळप विकून वरवंडला कायमचं घर केलं, रानात ऊस लावला, त्यालाही आता कैक वर्षं लोटली होती.

जाईबाईनं चहा खाली उतरवला. “हात पुढं करा बघू.”

हात पुढं आले आणि पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडले. तिनं ओळखलं, परत चढलंय.

तात्याबा दारूला कधी शिवले नव्हते. जुन्या काविळीनं त्यांचं लिव्हर पोखरलं होतं. दौंडच्या प्रतिभा डॉक्टरांनी जाईबाईला समोर बसवून सांगितलं होतं, “मावशी, लिव्हर आता रक्तातलं विष गाळत नाही. पोट साफ झालं नाही, की ते विष मेंदूत जातं, तिथल्या पेशी सुजतात. हे पातळ औषध चुकवू नका. औषधानं ते भानावर येतील. पण दरवेळी सगळंच परत येईल, असं धरून चालू नका.”

काल पाटसला साखरपुडा होता. पाहुण्यांत सारखं परसाकडं पळावं लागायला नको, म्हणून तात्याबांनी औषध घेतलंच नव्हतं. घेतलं म्हणून सांगितलं तेवढं.

बाटली घेऊन जाईबाई आली आणि थबकली. भानावरचे तात्याबा फारसं बोलत नसत. कळप गेला तसा त्यांचा आवाजही गेला. हाक मारायची, तर नुसतं ‘अगं’. जाई हे नाव असं भ्रमातच परत यायचं, आणि नावामागून तीन दगडांची चूल, ओल्या लोकरीचा वास, पुढं चालताना वळूनवळून बघणारा तिचा तरणा नवरा.

“मुक्काम कुठं आज?” तिनं विचारलं. विचारू नये, हे कळत होतं.

“घोडनदीला. शिरूरच्या अलीकडं बाभळी हायती न्हवं, तितं. दमलीस तर घोड्यावर बस. लोकं हसली तर हसू दे.”

आणखी एवढंच विचारू, असं करत ती उंबऱ्यावर टेकली.

“मागं कोण ऱ्हायलंय?”

तात्याबांनी तिच्याकडं पाहिलं. ओठ हलले, शब्द सापडेना. “मागं... ती... तू कुणाची गं बाई?”

जाईबाई ताडकन उठली. तिनं औषध वाटीत ओतलं.

“पालावर कसलं औषद? न्हाई घ्यायचं.”

“कोकराला पाजायचंय. कडू हाय का, चाखून सांगा.”

त्यांनी वाटी रिकामी केली. “ग्वाड हाय. पाज त्याला.”

“व्हय. पाजते.”

तिनं शिक्रापूरला मुलाला फोन लावला. “नवनाथ, गाडी घिऊन ये. तुझ्या आबांना पुन्यांदा तसंच झालंय. दवाखान्यात न्यावं लागंल.”

तो येईस्तोवर तिनं त्यांना दोनदा धुतलं, धोतर बदललं, पुन्हा औषध पाजलं. नवनाथ पोचला, तेव्हा तात्याबा शांत पडले होते. डोळ्यांत ओळख आली होती.

“नव्या, कामावर न्हाई गेलास?” ते म्हणाले. नवनाथनं तोंड फिरवून डोळे पुसले आणि दौंडला फोन करायला तो बाहेर गेला.

तात्याबांनी आढ्याकडं बघत विचारलं.

“अगं, लई बडबडलो का?”

“न्हाई. थोडंच.”

“मेंढरांचं?”

तिनं त्यांच्या अंगावरची गोधडी सारखी केली.

“तू व्हतीस का संगं?”

“व्हते की.”

“मग असू दे.” त्यांनी डोळे मिटले. “पाय लई दुखत्यात बघ.”

जाईबाई पायथ्याशी बसली आणि हलक्या हातानं पाय चेपू लागली. पाय सुजले होते. तिनं दाबलेला अंगठा उचलला, तरी तिथं खळगा तसाच राहिला. तो भरून येईपर्यंत ती बघत बसली. मग तिनं दुसरा पाय मांडीवर घेतला.