पाठंगुळीची पैज

"थांबा, थांबा! काच आहे तिथे!" टेलरमास्तर आतून ओरडले, आणि दुकानात शिरणारी बाई एक पाय हवेत धरून जागच्या जागी थिजली.

काच नव्हतीच. दाराची जुनी काच तडकली म्हणून काचवाल्याने ती सकाळीच उतरवून नेली होती. नवी बसवायचं सोडून गडी रिकाम्या चौकटीपुढे उभा राहिला, तोंडाने हाः हाः करून वाफ सोडली आणि फडक्याने चांगली दहा मिनिटं हवा पुसली. कोपरे नखाने खरवडले. मान तिरकी करून डाग शोधले. मग मास्तरांना म्हणाला, "एक नंबर माल आहे. इतकी स्वच्छ की दिसतच नाही. पुट्टी ओली आहे, दुपारपर्यंत दाराला हात लावू नका."

झालं. तेव्हापासून मास्तरांची सगळी गिऱ्हाइकं मागच्या बोळातून, कचऱ्याच्या डब्याला वळसा घालून येत होती. मास्तर स्वतः जेवायलाही मागच्या दाराने गेले आणि मागच्याच दाराने परत आले. शेवटी एक मांजर आलं, चौकटीतून सरळ आत चालत गेलं आणि शिलाई मशीनखाली जाऊन अंग चाटत बसलं.

समोरच्या टपरीवर चहावाली काकू हसून हसून खाली बसली. काचवाला गंभीर चेहऱ्याने बशीत चहा ओतत होता.

मास्तर बाहेर आले. चौकटीतूनच आले, पण आधी हात पुढे करून चाचपून.

"हस, हसून घे," ते लालबुंद होऊन म्हणाले. "देव बघतोय वरून. एक दिवस त्याच्यापुढे हात जोडून ढसाढसा रडशील, काच्या. तेव्हा मी बघायला येईन."

"मी? रडणार? मास्तर, माझ्या डोळ्यांतून पाणी फक्त कांद्याने येतं, आणि आमच्याकडे कांदा बायको चिरते."

"लाव पैज!"

"लावली! हरेल त्याने जिंकणाऱ्याला पाठंगुळीला घ्यायचं. या दुकानापासून बाजाराच्या टोकाच्या नळापर्यंत. आठवडी बाजाराच्या गर्दीत, सगळ्यांसमोर. काकू, तुम्ही पंच."

मास्तर म्हणजे दोन पाय फुटलेलं कपाट. त्यांना पाठीवर घ्यायच्या कल्पनेनेच काकूला पुन्हा हसू फुटलं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून काचवाल्याची बायको ओरडली, "काकू, मला मास्तरांच्या बाजूने धरा!"

"घरातच फितुरी!" काचवाला छातीवर हात मारून म्हणाला, आणि सगळी गल्ली हसली.

ती मास्तरांच्या बाजूची होती याला कारण होतं. रोज संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला ती त्या खिडकीशी बसायची, हात जोडायची, आणि पुटपुटता पुटपुटता तिचे डोळे वाहायला लागायचे. दुःख असं काही नव्हतं तेव्हा. गल्लीतल्या झाडून सगळ्यांसाठी मागायची. मास्तरांची कंबर, काकूच्या मुलीचं बाळंतपण, खालच्या मजल्यावरचा बेकार जावई. काचवाला आतून विचारायचा, "सोडला का नळ? बादली आणू?" ती नाक पुसत म्हणायची, "तुमच्यासाठीच रडतेय. तुमचं काही खरं नाही." काचवाल्याला त्या हात जोडण्याचं कधी काही वाटलं नाही. बायकोला गाण्याचा नाद असावा तसा हा एक नाद, एवढंच.

मग तिची कंबर दुखायला लागली.

धुण्याने दुखत असेल म्हणून शेकली. मग वयामुळे म्हणून तेल चोळलं. दवाखान्यात गेले तोवर दुखणं हाडांत उतरलं होतं. डॉक्टर एक्स-रेचं चित्र उजेडावर धरून बरंच काही बोलले, आणि काचवाला, ज्याला कधी कुणी गप्प बसवू शकलं नव्हतं, खुर्चीवर हात ठेवून नुसता ऐकत राहिला.

जिना तीन मजल्यांचा. लिफ्टचं नाव नाही. उपचाराच्या दिवशी तिला खाली कसं न्यायचं? काचवाल्याने तिला पाठीवर घेतलं. जन्मभर काचेचे ताव पाठीवर वाहिलेला माणूस, गुडघ्यात किंचित वाकून, टाच न आपटता, धक्का न देता कसं उतरायचं हे त्याच्या पायांत मुरलेलं. जिन्यात समोरून कुणी आलं की तो सवयीने ओरडायचा, "काच! काच आली, बाजूला व्हा!" लोक भिंतीला चिकटायचे, आणि पाठीवर ती खुसखुसायची.

"अहो, हसवू नका, दुखतं."

"मग रडवू का? ते खातं तुझ्याकडे आहे."

खाली मास्तर मशीन थांबवून उभे असायचे. "काय वहिनी, मला उचलायचा सराव करून घेताय की काय?"

"तुम्ही जेवण कमी करा मास्तर तोवर! माझं माणूस मोडेल!"

असं चाललं होतं काही दिवस. पण काचवाल्याला वजन कळतं. ताव उचलला की पट्टी न लावता त्याची जाडी सांगणारा माणूस तो. डॉक्टर म्हणायचे, "औषध लागू पडतंय, बघू या." त्याची पाठ दुसरंच सांगायची. दर खेपेला ती थोडी कमी असायची. गळ्याभोवतीची तिची पकडही सैल होत गेली. जिन्यात त्याने "काच" म्हणून ओरडणं सोडलं, आणि लोक न ओरडताच बाजूला व्हायला लागले.

एका संध्याकाळी ती खिडकीशी उशीला टेकून बसली होती. हात जोडलेले. ओठ दोनदा हलले, थांबले.

"अहो," ती म्हणाली. "आज माझ्याच्याने होत नाहीये. दोन शब्द बोलले की कळ येते, मग कुठे होते तेच हरवतं. आज तुम्ही करा."

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"येण्यासारखं काय आहे? बोलायचं."

"पैज आहे माझी."

"माझीपण आहे."

तो तिच्या शेजारी पलंगाच्या कडेवर बसला. हात जोडले, ते फडकं पिळल्यासारखे. घसा खाकरला.

"हे बघा, वर बसलेले साहेब. मी तिसऱ्या मजल्यावरचा काचवाला. आपली ओळख नाही. तुम्ही तुमच्या घरी, मी माझ्या घरी, असं आजवर बरं चाललं होतं."

मिटल्या डोळ्यांनीच तिचे ओठ हसले. "पुढे."

"पुढे म्हणजे... मीच तो, मास्तरला हवेची काच बसवून दिली. तुम्ही वरून बघितलंच असेल. हसलाही असाल, खोटं बोलू नका."

"पुढे बोला."

"ही तुमचं जुनं माणूस. रोज येऊन अख्ख्या गल्लीचं मागायची. मास्तरची कंबर मागितली, काकूची मुलगी मागितली. स्वतःचं मागायची वेळ आली तर हिला बोलवेना. म्हणून मी आलोय. बदली कामगार." तो थांबला. तिच्या कपाळावर घाम आला होता. अंगातून कळ जात होती, दातांवर दात धरून ती सोसत होती. "आजार राहू द्या. हवं तर राहू द्या, मी भांडत नाही. हे दुखणं तेवढं काढा. कुठे ठेवायला जागा नसेल तर मला द्या. माझी पाठ मोठी आहे. मला... अहो, द्या ना..."

आणि त्याच्या आतून असा काही आवाज निघाला की त्याचं त्यालाच कळेना, हा कुणाचा. जोडलेले हात तोंडावर दाबून तो वाकला आणि लहान पोर रडतं तसा, नाक गळत, हुंदक्यावर हुंदका देत रडला. ती त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हरलात."

"गप. कुणी बघितलं नाही."

दुखणं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी जास्तच होतं.

तरी संध्याकाळी ती म्हणाली, "बसताय ना?" आणि तो बसला. मग रोजच बसायला लागला. कधी विनवायचा. कधी भांडायचा, मी असलं काम एखाद्या गिऱ्हाइकाला करून दिलं असतं तर त्याने दगड मारले असते, असं तोंडावर सुनावायचा. दिवसा खाली जाऊन काचा कापायचा, मास्तरांशी दोन शब्द टाकायचा, आणि संध्याकाळी वर येऊन रडायचा. मागणी मात्र रोज लहान होत गेली. आधी म्हणे, बरी कर. मग म्हणे, दुखू देऊ नको. मग आज चार घास खाऊ दे. मग नुसतं, पाणी तरी ठरू दे पोटात. त्यातलं काहीही मिळालं नाही.

"आज काय मागितलंत?" एकदा तिने विचारलं. औषधाने तिची जीभ जड झाली होती.

"काही नाही. नुसता बसलो."

"मीपण पुष्कळदा नुसतीच बसायचे," ती म्हणाली. "तुम्हाला वाटायचं मागतेय."

मग दवाखान्याने सांगितलं, आता घरी न्या. याचा अर्थ काय तो त्याला कळला. त्याने तिला पाठीवर घेतलं. तिच्या हातांना धरवत नव्हतं, म्हणून काचा बांधायच्या रुंद पट्ट्याने स्वतःशी बांधून घेतलं आणि जिना चढायला लागला. पहिल्या वळणावर त्याने विचारलं, "आहेस ना गं?" मागून आलं, "हं." दुसऱ्या वळणावर पुन्हा विचारलं. पुन्हा "हं." वर पोचेपर्यंत तो तेवढंच विचारत राहिला, कारण पाठीला वजन असं काही कळतच नव्हतं.

भर दुपारी, खाली भाजीवाला ओरडत असताना, ती गेली.

चार माणसं आली, करायचं ते केलं, आणि आपापल्या घरी गेली. दिवे लागायच्या वेळेला तो सवयीने खिडकीशी बसला. हात आपोआप जोडले गेले. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की मागायला काही नाही.

"ऐकलं नाहीस," तो म्हणाला. रडून रडून ते 'साहेब' आणि 'तुम्ही' म्हणणं कधीच गळून पडलं होतं. "एकही गोष्ट ऐकली नाहीस. पाण्याच्या घोटाइतकीही नाही. उठून जायला पाहिजे मी. पण जाऊ कुठे? ती तुझ्याकडे आली असेल तर असेल. तुझ्याशिवाय तिचा पत्ता नाही माझ्याकडे." डोळे वाहत होते, त्याने पुसले नाहीत. "तिला सांभाळ. दुखतंय का अजून ते बघ. मी उद्या येतो."

उद्या तो बसला. परवाही.

पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, गर्दी ऐन भरात असताना, तो खाली उतरला आणि मास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"उठा मास्तर."

"ये, बस. काकू, दोन चहा..."

"बसायला नाही आलो. पैज हरलो मी. चला, पाठीवर या."

मास्तरांच्या हातातली टेप खाली पडली. "वेडा झालास? कसली पैज घेऊन बसलास? मी विसरलो ती. आणि कुणी बघितलंय तू काय केलंस ते?"

"तिने बघितलं." आता काचवाल्याचा आवाज चढला, गर्दीतली तोंडं वळली. "ऐका सगळे! मी म्हटलं होतं, देवापुढे रडणार नाही. रडलो. हात जोडून, नाक गाळून रडलो. त्याने काही दिलं नाही. तरी रोज बसतो, काल बसलो, आज बसणार. काकू, तुम्ही पंच. सांगा, हरलो की नाही?"

काकूने हातातला कप खाली ठेवला. तिने मान हलवली. "हरलास रे बाबा."

"मला नको तुझी पैज!" मास्तर मागे सरकले. "मी सोडली!"

"तुम्ही सोडा. ती तुमच्या बाजूने होती ना? ती जिंकलीय, मास्तर. तिला आता कुठे नेऊ पाठीवर? तुम्ही या."

मास्तरांनी खाली पडलेली टेप उचलून मशीनवर ठेवली. ते पुढे आले, आणि काचवाला गुडघ्यात वाकला.

उठताना त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या. गर्दीतल्या, काही माहीत नसलेल्या पोराटोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणी ओरडलं, "अरे, हत्ती नेतोय!" गल्लीतलं कुणी हसलं नाही. त्यांच्याकडे बघून शिट्ट्याही थांबल्या. काचवाला टाच न आपटता, धक्का न देता, भाजीच्या पाट्यांमधून, बादल्या-झाडूंच्या ढिगांमधून चालत राहिला. श्वास भात्यासारखा वाजत होता.

"उतरव रे," मास्तर त्याच्या मानेत तोंड खुपसून म्हणाले. "पुरे झालं. पडशील."

"काच पाडली का मी कधी?"

थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "मास्तर, घट्ट धरा."

"धरलंय."

"अजून घट्ट. पाठीवर कुणी आहे ते कळू दे."

मास्तरांनी दोन्ही हात त्याच्या गळ्याभोवती आवळले. नळ आला, पैज इथेच संपत होती. पाणी भरणाऱ्या बायकांनी वाहती धार तशीच सोडून आपापल्या बादल्या बाजूला ओढल्या आणि वाट करून दिली, आणि काचवाला त्यांच्या मधून, न थांबता, पुढे चालत राहिला.