ताइस्तोच्या पिशवीतला हीटर

फिनलंडमधल्या त्या खेड्यात थंडी उणे तेहतीसवर गेली आणि ऑनेचा ट्रॅक्टर काही केल्या सुरू होईना. इंजिनाचं अँटिफ्रीझ मिसळलेलं पाणी गरम ठेवणारा विजेचा हीटर रात्रभर लावलेला, तरी इंजिन थंडगार. तिच्या आणि शेजारच्या, अशा दोन्ही घरांच्या रस्त्यावरचा बर्फ रोज तीच ट्रॅक्टरनं काढायची. शेजारच्या ताइस्तोनं त्याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नव्हता. आज मात्र तो स्कीवरून हजर.

"रस्ता मोकळा नाही आज."

"मग काय, फुंकर मारून बर्फ उडवू?" ऑने कडाडली.

ताइस्तोनं हीटरचा प्लग काढून त्या जागी दिवा लावून पाहिला. तो पेटला.

"वीज आहे. हीटरच गेलाय."

पाठीवरच्या पिशवीतून त्यानं दुसरा हीटर काढला, इंजिनातलं पाणी बादलीत उतरवून तो बसवला आणि पाणी पुन्हा भरलं. दोन तासांनी इंजिन कोमट लागलं. ऑनेनं वरमून त्याच्या हातात कॉफी दिली.

"नवा आणलास?"

"माझ्या ट्रॅक्टरचा काढला."

"अरे वेड्या, मग तुझा कसा सुरू होणार?"

ताइस्तोनं कपातच बघत घोट घेतला.

"अकरा हिवाळे तू तो सुरू करायची वेळच येऊ दिली नाहीस."