खिचडीतला केस

कारभारींनी चौथ्या दिवशीही ताट पुढे सरकवलं. "केस आहे."

वत्सलाबाईंचं डोकंच फिरलं. नवरा ओझरच्या कारखान्यात तीस वर्षं तपासणीला होता, खोट काढायचाच पगार घेत होता, हे त्यांना मान्य. पण सिडकोतल्या घरात बसून बायकोच्या खिचडीत रोज केस काढायचा म्हणजे अतीच झालं. बरं, ती खिचडी तरी कसली! तंबाखूने खाल्लेला डावा गाल आतून कापून काढला, तिथे हाताची कातडी बसवली, त्याला अकरा महिने झाले. तेव्हापासून हीच घोटलेली, निववलेली खिचडी. नव्या गालाला काही कळतच नसे. एकदा चहाने आत फोड आला तरी या गृहस्थांना पत्ता नव्हता. दर महिन्याला डॉक्टर तिथे टोचून विचारत, हे नाही म्हणत. "वर्षभरात जाणीव आली तर आली," डॉक्टरांनी सांगितलं होतं. "तोवर गरम नको, भाकरी नको. स्वतःचाच गाल चावाल." भाकरीवर जीव असलेला माणूस तेव्हापासून जो चिडका झाला, तो सगळा राग बायकोवर.

"अहो, डोक्याला फडकं बांधून रांधतेय मी! आज तर पुरणाच्या चाळणीतून काढली खिचडी. दाखवा, कुठंय केस?"

"तोंडात."

"मग काढा बाहेर."

"निघत नाही. म्हणून तर सांगतोय ना!"

"आ करा," त्या ओरडल्या. चष्मा चढवला, मोबाइलचा दिवा लावला. केस होता खरा, काळा, जाड, नखाएवढा. चिमट्यात धरून ओढला तर येईना. वाकून नीट पाहिलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. केस त्या कातडीतूनच उगवला होता. शेजारी आणखी एक.

"तुमच्याच हाताचा केस हा! आणि चार दिवस बोलणी मी खातेय!" त्यांनी संतापाने हिसका दिला.

"आई गं!" कारभारी कळवळले.

वत्सलाबाईंच्या हातात चिमटा तसाच राहिला. "दुखलं?"

कारभारींनी मान डोलावली. डोळे भरून आले होते. "चार दिवस टोचतोय गं तो," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी पुन्हा मोठा आ केला आणि दुसऱ्या केसाकडे बोट दाखवलं.

वत्सलाबाईंनी तोही ओढला, चार दिवसांचा राग एकवटून.