बांधलेला पेला, मोकाट कावीळ

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा पेला आहे आणि माझी धडधड अजून थांबलेली नाही! पेल्याला कसली धडधड, असं म्हणाल. पण आधी ऐका तर खरं, मग बोला.

यंत्राखाली पत्र्याची गोल चकती दाबली आणि धाडकन माझा जन्म झाला. तिथून दुकानाच्या फळीवर आणि फळीवरून थेट पुस्तकं बांधायच्या कारखान्यात. मालकांनी माझ्या काठाला भोक पाडलं, साखळी ओवली आणि पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला मला बांधून टाकलं. का, तर म्हणे पेल्यांना पाय फुटतात!

नऊ वर्षं मी तिथे लटकलो. घाम पुसत कुणी यायचं, मला पिंपात बुडवायचं, गटागटा प्यायचं आणि "आहाहा!" करायचं. मी असा फुगायचो म्हणून सांगू!

मला कधीच न शिवलेलं माणूस एकच, टाकेवाली मावशी. ती पुस्तकाची पानं दोऱ्याने शिवायची. टाका इतका सरळ की पट्टी लावून बघावं. पण तिच्या कोपरांवर आणि बोटांवर लाल चट्टे होते, त्यांवर पांढरे पापुद्रे.

मला बांधलं त्या पहिल्याच दिवशी कागदाच्या घड्या घालणारी वहिनी म्हणाली, "मावशी, पिंपाला हात नका लावू हं. आम्हाला लागण झाली म्हणजे?"

"अगं, हे लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांचं काय जातंय? त्यांना कुठे इथलं पाणी प्यायचंय!"

झालं. मावशी घरून उकळलेल्या पाण्याची बाटली आणायला लागली. आणि खरं सांगू? तेव्हा मलाही बरंच वाटलं. आता आठवलं की लाज वाटते.

आमच्याकडे एक खळदादा होता. खळ म्हणजे पीठ शिजवून केलेला चिकट लगदा, तो पुठ्ठ्यांना लावायचा. बोटं सदा चिकट, आणि नळ पार अंगणाच्या टोकाला! मग पाणी घेता घेता पठ्ठ्या बोटं पिंपातच खळबळायचा. कुणी ओरडलं तर म्हणायचा, "पिठाचीच तर आहे! पोटात गेली तर भूकच भागेल." सगळे हसायचे. हळूहळू सगळेच तसं करायला लागले.

एकदा त्याला ताप आला, मळमळ सुरू झाली. "बाहेरचं खाणं बाधलं," म्हणत तो तसाच कामावर येत राहिला. साधारण महिना गेला आणि एके सकाळी वहिनी दारातच ओकली. तिचे डोळे पिवळेधमक! चार दिवसांत आणखी दोघं, मग आणखी तिघं. कावीळ!

मालक थेट मावशीसमोर उभे राहिले. "तुमच्यामुळेच पसरलंय हे. उद्यापासून येऊ नका."

"मालक, मला शिवणाशिवाय दुसरं काही येत नाही हो."

मालकांनी दाराकडे बोट दाखवलं. मावशीने सुई सुयांच्या गादीत खोचली आणि पिशवी उचलली. ती दाराशी पोचते तोच काविळीच्या चौकशीला दवाखान्यातून आलेली नर्सताई आत शिरली. नेमका तेव्हाच खळदादा पाणी प्यायला आला आणि सवयीने तिच्यादेखत बोटं पिंपात बुडवली!

"थांबा! हे काय चाललंय?" नर्सताई अशी ओरडली की मी साखळीवर खणखणलो. "सगळ्यांत आधी ताप कुणाला आला होता?"

खळदादाने ओलाच हात वर केला.

"शौचाहून आल्यावर साबणाने हात धुता?"

"साबण... संपलाय कधीचा."

"ही कावीळ विषाणूमुळे होते. तो शौचातून हाताला लागतो, हातावरून पाण्यात, पाण्यातून तोंडात. म्हणून हा संसर्गजन्य रोग."

"आणि या बाईंचे चट्टे?" मालकांनी विचारलं.

"हा सोरायसिस. यात जंतूच नाही. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच गोंधळते आणि कातडी भराभर वाढते. तो स्पर्शाने लागत नाही. मालक, तुम्हाला मधुमेह आहे, गोळ्या आमच्याकडूनच नेता ना? शेजारी बसून कुणाला लागला का?"

मालकांचा चेहरा पुठ्ठ्यासारखा झाला.

"आता सांगा, या पिंपातलं पाणी कोण पीत नव्हतं?"

सगळ्यांच्या माना मावशीकडे वळल्या. मावशी ठणठणीत!

आणि मी? मित्रांनो, मी सुन्न झालो! ज्या पेल्याला सगळे चांगला म्हणायचे, त्याच्याच काठावरून रोग तोंडातोंडात गेला होता. मला साखळीने बांधलं होतं, पण कावीळ मोकाट फिरत होती!

"मावशी, चुकलो," मालक पुटपुटले. "पिशवी आत ठेवा."

पिंप रिकामं करून घासलं, त्याला तोटी बसवली. साबण आला, जो तो आपापला पेला आणू लागला. माझी साखळी काढली आणि मला खळखळ उकळलं. सगळे आजारी हळूहळू बरे होऊन परतले.

मित्रांनो, एवढंच मागतो. साबणाचा कंटाळा करू नका आणि नुसते चट्टे बघून माणसाला लांब बसवू नका. कुठला रोग लागतो, कुठला नाही, ते आधी नीट विचारा.

परवा खळदादाने मला तोटीखाली भरलं आणि मावशीपुढे धरलं. "घ्या ना, मावशी."

मावशीने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. "साबणाने धुतलेस का रे हात?"

"दोनदा!"

मग मावशी माझ्यातून पाणी प्यायली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.