तेविसावी ओळ

दचकू नका, तुमचा नंबर पुकारत नाहीये. मी एका पाचवीच्या वर्गाचा हजेरीपट बोलतोय. हिरव्या पुठ्ठ्याचा, लांबोडका, कोपरे झिजलेला. सध्या मुक्काम कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर. इथे कुणी कुणाला हाक मारत नाही.

छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या अंगावर नुसते रिकामे चौकोन होते. शाळा उघडली, बाईंनी टपोऱ्या अक्षरात चाळीस नावं लिहिली आणि मला माणसं मिळाली. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला नियमांचा कागद चिकटवला. गैरहजर राहिल्यास घरून चिठ्ठी, खाली पालकांची सही. न कळवता शाळेचे सलग पंधरा दिवस गैरहजर राहिल्यास नाव कमी. तेव्हा मी ते काही फारसं मनावर घेतलं नाही.

बाईंची एक रीत होती. सकाळी जो नसेल त्याच्या चौकोनात त्या पेन्सिलीने टिंब द्यायच्या आणि मधल्या सुट्टीनंतर त्यावर पेनने फुली मारायच्या. "येईल धापा टाकत, तेवढी वाट बघू," म्हणायच्या. वाट बघायला मी त्यांच्याकडूनच शिकलो.

हजेरीत माणूस बरोबर कळतो. कुणी जांभई देत 'हजर' म्हणतो, कुणी बाकाखाली वाकून पेन्सिल शोधत. शेजाऱ्याचीही हजेरी देऊन टाकणारे परोपकारी जीव असतातच. पण तेवीस नंबरची गोष्टच वेगळी! बाई 'बावीस' म्हणतात न म्हणतात तोच ही 'हजर!' म्हणून मोकळी. बिचाऱ्या बावीस नंबरचा आवाज वर्षभर कुणाला धड ऐकू आला नाही. वर्गाने तिचं नाव घाईबाई ठेवलं होतं.

एका सोमवारी बाई बावीस म्हणाल्या आणि बावीसचं 'हजर' चक्क स्वच्छ ऐकू आलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. घाईबाईची जागा रिकामी होती. बाईंनी टिंब दिलं.

टिंबाची फुली झाली, एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या सहा. बाईंनी प्रवेशाच्या फॉर्मवरचा फोन लावून पाहिला. तो तिच्या बाबांचा, ते लांबच्या रस्त्यांवर मालट्रक चालवायचे. फोन काही लागेना. "येत्या रविवारी घरी जाऊन येते," असं बाई दोनदा म्हणाल्या. दोन रविवार आले नि गेले. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्याही घरी माणसं होती. पण रोज बावीसनंतर त्या क्षणभर थांबायच्या आणि मला त्या क्षणात फार एकटं वाटायचं.

पंधराव्या दिवशी त्यांनी फुली मारलीच नाही, टिंबच ठेवलं. शाळा सुटताना क्लार्क आले, माझ्यावर वाकले.

"बाई, पेन्सिल कागदपत्रांत चालत नाही."

"एक दिवस थांबू या ना."

"आज थांबलो तर उद्या सगळ्यांसाठीच थांबावं लागेल."

बाईंनी पट्टी ठेवली आणि लाल रेघ ओढली. कागदाला दुखत नाही म्हणतात. म्हणणारे कागद नसतात.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपते न संपते तोच दारात घाईबाई उभी! मागे धुळीने माखलेले बाबा. पहाटेच घरी पोचले होते. तिने घडी मऊ पडलेली चिठ्ठी टेबलावर, माझ्या शेजारीच ठेवली. आई जिन्यावरून पडली, पाय प्लॅस्टरमध्ये, धाकट्या भावाला सांभाळायला घरी दुसरं कुणी नाही. वर तारीख पहिल्याच सोमवारची होती. खालची सही मात्र त्या सकाळची.

"अगं, चिठ्ठी तयार होती तर पाठवली का नाहीस?" बाईंचा आवाज चढला, मग एकदम उतरला.

"बाबांची सही राहिली होती ना."

"आईने करायची!"

"शाळेच्या कागदावर बाबांचीच चालते. प्रवेशाच्या वेळी आईने सही केली होती, तर क्लार्ककाकांनी फॉर्म परत लिहायला लावला होता."

बाबा खाली बघत पुटपुटले, "मी रस्त्यात होतो हो, बाई. मला कळवायचं तरी."

"तुमचा फोन लागतच नव्हता," घाईबाई म्हणाली.

बाई मला घेऊन मोठ्या सरांकडे गेल्या. सर म्हणाले, "खाडाखोड नको. बाबा आलेच आहेत, पुन्हा प्रवेश देऊन टाका. नाव शेवटी लिहा, आजच्या तारखेने." बाईंनी लिहिलं. एक्केचाळीस.

मग हजेरी सुरू झाली. एकवीस. बावीस.

"हजर!" दोन आवाज एकदम आले. वर्ग खदखदून हसला. बाईंचं पेन माझ्या तेविसाव्या ओळीवर अधांतरी थांबलं. तिथे लाल रेघ होती, तिची हजेरी मांडायला माझ्याकडे जागाच नव्हती.

"बाळा, तू आता सगळ्यात शेवटी," बाई हळूच म्हणाल्या.

पोर हुशार. एकदा सांगितलं, पुन्हा चुकली नाही. पुढचे सगळे महिने ती गुपचूप बसून राहायची आणि आपला नंबर आला की नीट, सावकाश 'हजर' म्हणायची. नियमाप्रमाणे अगदी बरोबर. घाईबाई हे नावही हळूहळू मागे पडलं. मला मात्र ती घाई हवी होती. अजून हवी आहे.

आईबाबांनो, एवढं करा. मूल घरी राहिलं तर दोन ओळी लिहा आणि जो घरात असेल त्याची सही घेऊन पाठवून द्या. आईची चालते, आजीची चालते. सहीसाठी वाट बघू नका, वाट बघायला इथे मी आहे.

आणि कधी काही शोधायला हे कपाट उघडलंत, तर धूळ झटकली नाहीत तरी चालेल. फक्त एकदा मोठ्याने 'बावीस' म्हणा. आणि लगेच पुढे जाऊ नका.