शिवकांतानं लिहिलेल्या चार ओळी

थोरल्या लेकाचं, ईरण्णाचं, लग्न झालं आणि ऐन वरातीत नवरदेवाला हिवताप भरला, ते साल गुंडाप्पा कधी विसरला नाही. निजामाच्या फसली सनाचं तेराशे त्रेपन्न, इंग्रजी चव्वेचाळीस. पोराचं अंथरूण अजून उचललं नव्हतं, तोवर तेरचे ज्ञानोबा मास्तर गावात आले आणि देवळामागच्या चिंचेखाली त्यांनी शाळा मांडली.

गाव उमरग्याच्या अंगाला, कानडी मुलखाच्या कडेला. घरात कानडी, बाजारात मराठी, कचेरीत उर्दू. सरकारी शाळा लांब, तीही उर्दूतली. म्हणून गुंडाप्पानं दहा वर्षांच्या लेकीला, शिवकांताला, मास्तरांकडं धाडलं. त्याला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं.

पण शाळा बघून गाव चक्रावलं. छडी नाही, पाढ्यांचा गलका नाही. पोरं ओढ्याला जायची, मुंगळ्यांची रांग कुठवर जाते ते बघायची आणि येऊन सांगायची. जो शब्द पोराच्या तोंडून निघेल तोच मास्तर धुळीत बोटानं लिहून दाखवायचे. अक्षरं त्यातूनच ओळखीची व्हायची.

पाण्याला चाललेली गजराबाई एकदा थांबून म्हणाली, "मास्तर, पोरं झाडावर अन् तुमी झाडाखाली. शाळा कुणाची भरलीया?"

"माझीच," मास्तर म्हणाले. "ती वरच्या वर्गात गेली. म्या अजून पहिलीत हाय."

एक नेम मात्र त्यांनी घालून दिला होता. पोर घरात जो शब्द बोलतं तोच त्यानं लिहायचा. तो खोडायचा नाही, की बदलायचा नाही. शुद्ध-अशुद्ध मागनं बघू, म्हणायचे.

भाद्रपदात एका संध्याकाळी शिवकांता पुडीचा कागद घेऊन आली. त्यावर बोरूनं चार ओळी लिहिलेल्या होत्या.

"अप्पा, तुमच्यावर लिवलंय."

"वाच की मग."

"आत्ता न्हाय. मला लाज वाटती. उद्या वाचते." कागद कोनाड्यात ठेवून ती पळाली.

गुंडाप्पाला उद्यापर्यंत दम निघेना. आपल्यावर कुणी काही लिहिलंय, हे त्याच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. कागद मुंडाशात खोचून तो चावडीवर गेला. महसूल तपासायला आलेला गिरदावर तिथं बसला होता. माणूस बीडकडचा, या भागात नवा.

"साहेब, पोरीनं लिवलंय. वाचा जरा मोठ्यानं, समद्यांना ऐकू द्या."

गिरदावरानं कागद मनातल्या मनात वाचला. पुन्हा वाचला आणि घडी घालून परत दिला.

"मोठ्यानं वाचण्यासारखं नाही, गुंडाप्पा. पोरगी लिहिते, बाप रोज माझे हाल करतो आणि आईला सांगू नको म्हणतो."

चावडीवर कुणीतरी खाकरलं. कुणीतरी हसलं. तीनच दिवसांपूर्वी वासरू सुटलं म्हणून गुंडाप्पानं पोरीच्या थोबाडीत दिली होती आणि मग लाज वाटून म्हणाला होता, अव्वाला सांगू नगस. ते असं चव्हाट्यावर आलं. खोटं आहे असं म्हणायला त्याची जीभ उचलली नाही.

"पोरीचा दोष नाही," गिरदावर म्हणाला. "मास्तर घरातल्या कागाळ्या लिहून घेतो. शाळेला परवानगीसुद्धा नाही. माझ्या एकट्याच्या अर्जानं काय होणार? एका बापाचा अंगठा पाहिजे."

अर्ज उर्दूत होता. गुंडाप्पानं अंगठा दिला. घर पन्नास पावलांवर होतं, पोर अंगणात खेळत होती. पण तू काय लिहिलंस, एवढं विचारायलासुद्धा तो गेला नाही.

आठव्या दिवशी दोन शिपाई आले. मास्तरांनी मुकाट्यानं वळकटी बांधली. पोरं वेशीपर्यंत मागं गेली.

"अप्पा, मास्तर का गेले?"

"तिकडं दुसरं काम लागलं त्येंना."

"अन् माझा कागद?"

"गाईनं खाल्ला."

शिवकांता थोडा वेळ गाईकडं बघत राहिली. पुढं तिनं हातात बोरू धरला नाही. कागद गुंडाप्पानं धान्याच्या कणगीमागं दडवला. का ठेवला, का फाडून टाकला नाही, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तीन वर्षांनी मुरूमकडच्या एका घरात पोरीचं लग्न लावून दिलं. सासरी जाताना ती पाया पडली, तेव्हा त्यानं तिच्याकडं नीट बघितलंही नाही.

निजामाचं राज्य गेलं. एकोणपन्नासच्या हिवाळ्यात गावात मोठ्या माणसांसाठी दुपारचा साक्षरतेचा वर्ग निघाला. पंचेचाळिशीचा गुंडाप्पा पाटी घेऊन पहिल्या दिवसापासून जाऊन बसला. लोक हसले, बसणारा बसला. माघात त्याला जोडाक्षरं लागायला लागली आणि एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून त्यानं कणगी बाजूला सारली.

बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत त्यानं वाचलं.

माझे अप्पा मला रोज हाल देत्यात. अव्वाला सांगू नको म्हणत्यात. तू मोठी हुईस्तवर देणार म्हणत्यात. मग त्येंच्या वाट्याला काय ऱ्हात न्हाय.

हाल देत्यात. गुंडाप्पा तिथंच खाली बसला. हाल म्हणजे कानडीत दूध. त्याच्या घरात जन्मभर दुधाला हालच म्हणत आले होते. त्या साली एकच गाय दुभती होती. घरातलं दूध आजारी ईरण्णाला जायचं आणि गुंडाप्पाच्या वाट्याला येणारी वाटी तो गोठ्यामागं नेऊन रोज पोरीला पाजायचा. बायको रागावेल म्हणून, अव्वाला सांगू नगस, असं रोज म्हणायचा. गिरदावराला कानडी येत नव्हतं. त्यानं 'देतात'चं 'करतात' केलं होतं. पण ओळी मोठ्यानं वाचल्या असत्या, तर गुंडाप्पाला पहिल्याच ओळीला कळलं असतं. पोरीला विचारलं असतं, तरी कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो मुरूमकडं गेला. शिवकांता लेकराला मांडीवर घेऊन ज्वारी निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं. अंगठाही सांगितला.

तिनं सुपातले खडे वेचायचं थांबवलं नाही.

"मला वाटायचं, माझ्या लिवण्यात कायतरी वंगाळ झालं, म्हणून मास्तर गेले," ती म्हणाली. "लई वर्सं तसंच वाटायचं."

"तुझी काय चूक न्हवती, पोरी."

"ते आता कळलं." मग म्हणाली, "माझ्यापाशी सांगून भागत न्हाय, अप्पा. मास्तरांना सांगा. जाताय न्हवं?"

"ज्वारीचं खळं झालं की निघतोच."

खळं झालं. मग पाडवा आला, मग भावकीतलं लग्न निघालं. तेर काही परमुलखात नव्हतं. एका दिवसाची वाट. पण रोज सकाळी मास्तरांचं तोंड डोळ्यांपुढं यायचं आणि गुंडाप्पाला घरातलंच एखादं काम आठवायचं. निघाला तेव्हा ज्येष्ठ लागला होता.

तेरला मास्तरांच्या बायकोनं, मथुराबाईनं, दार उघडलं. कपाळ मोकळं होतं. गुंडाप्पाला विचारायची गरज राहिली नाही.

"कोण तुमी?"

"चिंचेखालच्या शाळेतल्या एका पोरीचा बाप."

"बसा की मग. पाणी घ्या." तिनं तांब्या पुढं केला. "त्या शाळेचं लई बोलायचे. तिथनं आल्यावर पुन्हा शाळा न्हाय काढली त्येंनी. म्या किती म्हणलं. म्हणायचे, पोरांना मनचं लिवू दिलं, त्यात कुणाच्या तरी घरात इस्तू पडला. चूक माझीच."

गुंडाप्पानं तांब्या खाली ठेवला आणि जे मास्तरांना सांगायचं होतं ते तिला सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "महिनाभर आधी यायचं होतं, भाऊ."

ज्ञानोबा मास्तर एकोणीसशे पन्नासच्या वैशाखात, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, तेरला आपल्या घरी वारले.